लूक १५:१६ मधल्या ‘शेंगा’ : केरातिऑन या ग्रीक शब्दाच्या अर्थाचा प्रकरण अभ्यास

लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला मराठी ख्रिस्ती घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाचला जातो. धाकटा मुलगा मालमत्तेतला आपला वाटा मागून घेतो, दूर देशी जाऊन तो उधळतो, तिथे मोठा दुष्काळ पडतो आणि अखेर पोटासाठी तो त्या देशातल्या एका रहिवाशाकडे डुकरे चारायला राहतो. सोळाव्या वचनात त्याच्या उपासमारीची परिसीमा सांगितली आहे : डुकरे ज्या शेंगा खात होती त्यांवर तरी आपले पोट भरावे अशी त्याला इच्छा होई, पण त्याला कोणी देईना. ‘शेंगा’ म्हणून मराठीत येणारा मूळ ग्रीक शब्द ‘केरातिआ’ असा आहे. ते ‘केरातिऑन’ या शब्दाचे अनेकवचन असून संपूर्ण नव्या करारात हा शब्द फक्त याच एका ठिकाणी येतो. त्यामुळे त्याचा अर्थ ठरवताना नव्या करारातील दुसऱ्या एखाद्या वाक्याचा आधार घेण्याची सोय नाही, आणि पुरावा बाहेरून, म्हणजे वैद्यकाच्या, शेतीच्या आणि वनस्पतींच्या जुन्या ग्रंथांतून गोळा करावा लागतो.

हे प्रकरण तपशिलाने मांडण्याचे कारण असे की मराठी वाचकापुढे इथे एक विशेष अडचण उभी राहते. ‘शेंगा’ हे भाषांतर चुकीचे मुळीच नाही. पण सोलापूर-कोल्हापूरकडे नुसते ‘शेंगा’ म्हटले की भुईमुगाच्याच शेंगा समजल्या जातात, आणि इतरत्रही मनात आधी त्याच येतात. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला असल्यामुळे पहिल्या शतकातल्या भूमध्य सागराच्या काठी तो असणे शक्यच नव्हते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की भुईमुगाची शेंग फोडून आपण दाणा खातो आणि टरफल टाकतो. म्हणून डुकरांपुढे टाकलेल्या शेंगा म्हणजे माणसाने टाकून दिलेली टरफले, असे चित्र नकळत तयार होते. या वचनावरच्या प्रवचनांत ‘टरफले’ हा शब्द कानावर येतो तो बहुधा याच वाटेने, आणि इंग्रजी बायबलच्या वाटेनेही.

शब्द आणि झाड

ग्रीकमध्ये ‘केरास’ म्हणजे शिंग, आणि ‘केरातिऑन’ हे त्याचे लघुत्ववाचक रूप, म्हणजे ‘छोटे शिंग’. ज्या झाडाच्या शेंगेला हे नाव मिळाले ते झाड म्हणजे आज आपण इंग्रजीवरून ‘कॅरोब’ म्हणतो ते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याला ‘सेराटोनिया सिलिक्वा’ हे शास्त्रीय नाव दिले. त्यातला पहिला भाग ग्रीकमधल्या शिंगावरून आलेला आहे आणि दुसरा भाग म्हणजे शेंगेसाठीचा लॅटिन शब्द. शिंगाची ही कल्पना ग्रीकांपुरती राहिलेली नाही. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेत याच शेंगेला ‘बोक्सर’ म्हणतात, आणि तो शब्द बोकडाच्या शिंगासाठी असलेल्या जर्मन शब्दावरून आलेला आहे. वेगवेगळ्या लोकांना ही शेंग पाहून शिंगच आठवले, यावरून तिचा आकार किती ठसठशीत आहे हे कळते.

झाड सदाहरित, शेंगवर्गीय कुळातले, साधारण १० मीटर उंचीचे आणि खोलवर मुळे सोडणारे आहे. फुले शरद ऋतूत, बहुधा जुन्या जाड फांद्यांवर थेट लाकडातून फुटतात, आणि शेंग पिकायला पुढचे जवळजवळ वर्ष लागते. कच्ची हिरवी शेंग तुरट असते. पिकलेली शेंग १० ते ३० सेंटिमीटर लांब, चपटी, किंचित वाकलेली, गडद तपकिरी आणि चामड्यासारखी चिवट होते. ती हलवली की आत सुट्या झालेल्या बिया खुळखुळतात. मोडली की आंबूस, जुन्या चीजसारखा वास येतो, आणि चावली की तोंडात काकवीची आठवण करून देणारी गोडी उतरते, कारण तिच्या गरात साखरेचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. बी मात्र दगडासारखे कठीण असते. ते खाल्ले जात नाही, थुंकून टाकले जाते. आजच्या कारखानदारीत त्याच बियांपासून आइस्क्रीम घट्ट करणारा डिंक काढतात.

या वचनाच्या अर्थासाठी निर्णायक ठरावा असा तपशील इथेच आहे. इ. स. ७९ मध्ये मरण पावलेला रोमन लेखक प्लिनी या शेंगांचे वर्णन करताना त्या अतिशय गोड असल्याचे सांगतो, बोटाएवढी लांबी, अंगठ्याएवढी रुंदी आणि कधी विळ्यासारखा बाक असल्याचे नोंदवतो, आणि त्याबरोबर सांगतो की या फळाची साल हीच चावून खातात. म्हणजे भुईमुगाच्या नेमके उलट. इथे वरचे आवरण हेच अन्न आहे आणि आतले बी टाकाऊ आहे. ‘केरातिआ’ म्हणजे टरफले हा अर्थ लावला की वस्तुस्थिती उलटीपालटी होते, कारण या शेंगेला टाकून द्यावे असे टरफलच नसते.

वैद्यकाच्या ग्रंथांतही हाच शब्द सरळ या फळासाठी येतो. लूकच्याच शतकातला, किलिकियातल्या अनाझार्बस गावचा वैद्य डायोस्कोरिडीस लिहितो की ‘केरातिआ’ ताजी खाल्ली तर पोटाला बाधतात आणि जुलाब करतात, वाळवली की उलट मलावरोध करतात. दुसऱ्या शतकातला पर्गमचा वैद्य गालेन तर अन्नपदार्थांवरच्या आपल्या ग्रंथात वाचकाला आधी शब्दच नीट बजावून सांगतो : हे फळ ‘त’ अक्षराने उच्चारायचे व लिहायचे ‘केरातिआ’ आहे, ‘स’ अक्षराचे ‘केरासिआ’, म्हणजे चेरी, नव्हे. पुढे तो म्हणतो की हे अन्न निकस, लाकडासारखे आणि पचायला जड आहे, आणि पूर्वेकडच्या ज्या प्रदेशांत ते पिकते तिथून ते आपल्याकडे आणलेच नसते तर बरे झाले असते. गालेनची ही नापसंती आपल्याला फार उपयोगी आहे. ज्या वस्तूची आयात होत होती, जी माणसे विकत घेऊन खात होती आणि जिच्याबद्दल वैद्याला रुग्णांना सावध करावेसे वाटत होते, ती वस्तू उकिरड्यावरचा कचरा असू शकत नाही. ते हलके, गरिबाचे, पचायला त्रासदायक, पण अन्नच होते.

जनावरांचे खाद्य म्हणूनही त्याची नोंद आहे. पहिल्या शतकातला शेतीविषयक लेखक कोलुमेला डुकरे चारण्यास योग्य अशा रानांतली झाडे मोजताना ओकच्या विविध जातींबरोबर ‘ग्रीक शेंगे’च्या झाडाचाही उल्लेख करतो, आणि ते झाड कॅरोबच होय. म्हणजे दाखल्यातले दृश्य लूकच्या ऐकणाऱ्यांना ओळखीचे होते : सीरिया, सायप्रस, आशिया मायनर या भागांत कुठेही दिसावे असे झाड, खाली पडलेल्या किंवा काठीने झोडपून पाडलेल्या शेंगा, आणि त्या खाणारी डुकरे.

भाषांतरांत अर्थ कसा सरकला

सिरियाक भाषेतल्या पेशित्ता या भाषांतरात इथे ‘खारूबे’ हा शब्द आहे, आणि तो कॅरोबसाठीचाच शब्द आहे. हिब्रूतला ‘खारूब’, अरबीतला ‘खर्रूब’ किंवा ‘खर्नूब’ आणि त्यांच्यावरून युरोपात गेलेला ‘कॅरोब’ हे सगळे त्याच घरातले. माझ्या मते या प्रकरणातला हा फार वजनदार पुरावा आहे. हे झाड ज्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते त्या भाषांतरकारांनी ‘कोणत्याही शेंगा’ असा मोघम शब्द न वापरता झाडाचे नेमके नाव घेतले.

जेरोमच्या लॅटिन भाषांतरात ‘सिलिक्वा’ हा शब्द आला. तोही योग्यच होता, पण लॅटिनमध्ये त्याचे दोन अर्थ होते : एक कॅरोबची शेंग, दुसरा कोणत्याही कडधान्याची शेंग वा तिचे आवरण. आल्प्स पर्वताच्या उत्तरेला हे झाड वाढत नाही, आणि तिकडच्या भाषांतरांत पहिला अर्थ हळूहळू मागे पडलेला दिसतो. नव्या कराराचा इंग्रजी भाषांतरकार टिंडेल याने १५२६ मध्ये शेंगेसाठीचा जुना इंग्रजी शब्द वापरला. लूथरच्या जर्मन भाषांतरात मद्य गाळल्यावर उरणारा चोथा आला, कारण त्याच्या वाचकांकडची डुकरे तेच खात असत. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘टरफले’ या अर्थाचा शब्द छापला गेला आणि त्याच्या अफाट प्रसारामुळे तोच अर्थ जगभरच्या प्रवचनांत रुजला. अलीकडच्या इंग्रजी भाषांतरांनी पुन्हा ‘शेंगा’ स्वीकारल्या आहेत. मराठी भाषांतराने योग्य जागी पाऊल ठेवले असूनही मराठी प्रवचनकाराच्या बोलण्यात टरफले शिरतात, हे मला खरोखर खटकते.

याच शब्दाने वजनमापांतही एक लांबचा प्रवास केला. कॅरोबच्या बीवरून ‘केरातिऑन’ हे एका लहान वजनाचे नाव झाले, आणि चौथ्या शतकातल्या कॉन्स्टंटाइन बादशहाच्या सोलिडस या सोन्याच्या नाण्याचे असे २४ भाग मानले जात. अरबीत त्याचा ‘कीरात’ झाला आणि पुढे ‘कॅरट’. आपल्याकडे सराफ गुंजेने सोने तोलत, तसाच हा बीचा उपयोग. या बिया वजनाला अगदी एकसारख्या असतात ही समजूत मात्र २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनी खोटी ठरवली. इतर झाडांच्या बियांइतकाच फरक त्यांतही आढळला. लूक १५:१६ मध्ये या दुसऱ्या अर्थाला जागा नाही. नाण्यावजनांच्या भाषेत शिरण्याइतकी ही शेंग त्या जगात सर्वपरिचित होती, एवढीच साक्ष त्यातून घ्यायची.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. बाप्तिस्मा करणारा योहान रानात टोळ आणि रानमध खाऊन राहत असे, ते ‘टोळ’ म्हणजे कॅरोबच्या शेंगाच होत्या, अशी एक जुनी समजूत आहे, आणि तिच्यामुळेच जर्मनमध्ये या झाडाला ‘योहानाच्या भाकरीचे झाड’ असे नाव पडले आहे. परंतु मार्क १:६ मधला ग्रीक शब्द ‘आक्रिदेस’ असा असून तो टोळ या कीटकाचाच आहे, आणि लेवीय ११:२२ प्रमाणे टोळ खाणे नियमशास्त्राला मान्य होते. शेंगा म्हणायच्या असत्या तर त्यासाठी ‘केरातिआ’ हा शब्द हाताशी होताच.

मुलाला त्या शेंगा का मिळाल्या नाहीत

अर्थ कॅरोब हा निश्चित झाल्यावर एक प्रश्न उरतो, आणि प्रकरणाचा खरा गाभा तिथे आहे. शेंगा माणसाने खाण्याजोग्या होत्या, मुलगा त्यांच्या शेजारी उभा होता, तर मग त्याने त्या उचलून खाल्ल्या का नाहीत?

काही भाष्यकारांनी यावर असे उत्तर सुचवले आहे की इथे लागवडीतला गोड कॅरोब अभिप्रेत नसून रानटी, बारीक, कडवट शेंगांचा प्रकार असावा, आणि तो माणसाला खाववत नसल्यामुळे मुलाची इच्छा अपुरी राहिली असावी. ही सूचना विचार करण्यासारखी आहे, पण मला ती पटत नाही. ग्रीक शब्द तसा भेद करत नाही. डायोस्कोरिडीस आणि गालेन तोच शब्द बाजारात येणाऱ्या नेहमीच्या फळासाठी वापरतात. शिवाय शेंगा खाववत नव्हत्या असे वचनात कुठेच म्हटलेले नाही. वचनात कारण दिलेले आहे आणि ते वेगळे आहे : त्याला कोणी देत नव्हते.

मूळ वाक्यात या क्रियापदाला कर्म दिलेले नाही. मराठी वाक्य पुरे वाटावे म्हणून आपण ‘काही’ घालतो, पण ग्रीक वाचकाच्या मनात आधीच्या वाक्यातल्या शेंगाही असणार. क्रियापदाचा काळही बोलका आहे. ‘दिले नाही’ असा एकदाच घडलेला नकार त्यात नसून ‘देत नसत, देईना’ असे चालूच राहिलेले नाकारणे आहे, आणि ‘इच्छा होई’ हेही तसेच दिवसांमागून दिवस लांबत गेलेले. दुष्काळाच्या वर्षी हा तपशील फार खरा वाटतो. कॅरोबची मुळे खोल असल्यामुळे धान्य बुडाले तरी हे झाड काहीतरी देतेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्रीट आणि माल्टा इथे लोकांनी याच शेंगांवर भूक भागवली. अशा वर्षी शेंगांना मोल येते, मालक त्या मोजून जनावरांपुढे टाकतो, कारण डुकरे जगली तर ती विकता येतात, आणि त्या हिशेबात परक्या देशातून आलेल्या चाकराला स्थान नसते. त्याने चोरून एखादी शेंग खाल्ली की नाही हे दाखला सांगत नाही. पोट भरणे त्याच्या हाती नव्हते, एवढे सांगतो.

‘पोट भरावे’ या शब्दांबद्दलही हस्तलिखितांत मतभेद आहे. पाचव्या शतकातले अलेक्झांड्रियन हस्तलिखित आणि नंतरची बहुसंख्य हस्तलिखिते ‘आपले पोट भरावे’ असे म्हणतात, आणि जुन्या छापील ग्रीक पाठातही तेच आले. तिसऱ्या शतकातला बोडमर पपायरस आणि चौथ्या शतकातली सिनाई व व्हॅटिकन हस्तलिखिते मात्र ‘तृप्त व्हावे’ या अर्थाचे ‘खोर्तास्थेनाय’ हे क्रियापद देतात, आणि आजच्या संपादित ग्रीक पाठात तेच घेतलेले आहे. हे क्रियापद ‘खोर्तोस’, म्हणजे गवत, चारा, या शब्दावरून आलेले असून मुळात जनावरांना चारून तृप्त करण्यासाठी वापरले जाई, नंतर माणसांसाठीही रूढ झाले. लूक ते मोजक्याच ठिकाणी वापरतो : ६:२१ मध्ये आता भुकेले असलेल्यांना तृप्तीचे अभिवचन देताना, ९:१७ मध्ये पाच हजारांच्या भोजनात, इथे, आणि लगेच पुढच्या अध्यायात, १६:२१ मध्ये, श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या लाजराला मेजावरून पडणाऱ्या तुकड्यांनी तृप्त होण्याची इच्छा होती असे सांगताना. शेवटच्या दोन ठिकाणी ‘इच्छा होणे’ आणि ‘तृप्त होणे’ ही क्रियापदांची जोडीही तीच आहे. लाजर खरोखरच्या भाकरीच्या तुकड्यांची इच्छा धरतो. तेही अन्नच आहे, फक्त दुसऱ्याच्या मेजाखालचे. हे दोन भुकेले एकाशेजारी एक ठेवले की शेंगांना टरफले मानण्याची गरजच राहत नाही.

ज्यू परंपरेतही कॅरोब गरिबीचे आणि तपस्वी राहणीचे अन्न म्हणून येतो. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, शिमोन बेन योखाय गुहेत लपून राहिला तेव्हा त्याच्यासाठी कॅरोबचे झाड आणि पाण्याचा झरा निर्माण झाला, अशी कथा तालमुद या ज्यूंच्या धर्मग्रंथात आहे. रब्बी हनिना बेन दोसा एका शब्बाथापासून दुसऱ्या शब्बाथापर्यंत मापभर कॅरोबवर भागवत असे, असेही तिथे सांगितले आहे. लेवीय रब्बा या लेवीय पुस्तकावरच्या ज्यू भाष्यग्रंथात रब्बी आखा यांचे एक वचन आहे की इस्राएलावर कॅरोब खाण्याची पाळी येते तेव्हा ते पश्चात्ताप करतात. यशयाच्या पहिल्या अध्यायातल्या ‘तलवार’ या अर्थाच्या ‘खेरेव’ शब्दावर ‘खारूब’चा श्लेष करून ते सांगितलेले आहे. हा ग्रंथ लूकनंतरचा असल्यामुळे दाखल्याचा उगम त्यात शोधणे बरोबर होणार नाही. पण पुढच्याच वचनात हा मुलगा ‘शुद्धीवर येतो’, आणि कॅरोब व परतणे यांची सांगड त्या लोकांच्या मनात स्वाभाविक होती, हे त्यावरून समजते.

शुद्धीवर आल्यावर त्याला पहिली आठवण होते ती भाकरीची : वडिलांच्या घरी मजुरांनाही भाकरी पुरून उरते. घरी परतल्यावर त्याच्यासाठी जे ‘पुष्ट वासरू’ कापले जाते, त्यासाठीचा ग्रीक शब्द ‘सितेउतोस’ हा ‘सितोस’, म्हणजे धान्य, यावरून आलेला आहे. ते धान्य चारून पुष्ट केलेले वासरू आहे. म्हणजे एका देशात शेंगांवरही माणसाचा हक्क नाही आणि दुसऱ्या घरी वासरालाही धान्य मिळते. शब्दांची ही योजना ‘टरफले’ या भाषांतरात पार हरवते, कारण मग तिथे अन्नाची तुलना कचऱ्याशी होते; खरी तुलना अन्नाची अन्नाशी आणि देणाऱ्याची न देणाऱ्याशी आहे.

मग मराठीत काय करावे? ‘बाभळीच्या शेंगा’ हा पर्याय कोणी सुचवील, कारण आपल्याकडे शेरडांना त्या घालतात. पण माणसे त्या खात नाहीत आणि त्यामुळे जुनी चूक नव्या रूपाने परत येईल. ‘कॅरोबच्या शेंगा’ असे मूळ मजकुरातच लिहिले तर खेड्यातल्या वाचकाला तो शब्द अडखळवील, आणि वाचनाचा ओघ जिथे मुलाच्या भुकेकडे जायला हवा तिथे तो झाडाच्या नावाशी थांबेल. म्हणून मजकुरात ‘शेंगा’ हाच शब्द राहू द्यावा आणि तळटीप द्यावी, असे माझे मत आहे. टीप पुढीलप्रमाणे असू शकते : ‘मूळ शब्दाचा अर्थ कॅरोब या झाडाच्या गोड, चिवट शेंगा असा आहे. त्यांचे आवरणच खाल्ले जाते. जनावरांना त्या चारत असत आणि गरीब माणसेही त्या खात.’ पुष्ट वासराच्या उल्लेखापाशी, म्हणजे २३व्या वचनाला, ‘अक्षरशः, धान्यावर पोसलेले’ एवढीच दुसरी टीप जोडावी. ज्या प्रतींत तळटिपा छापण्याची पद्धत नाही, तिथे हे काम प्रवचनकाराचे आणि रविवारच्या शाळेतल्या शिक्षकाचे आहे, आणि त्यांनी ते शेंग कशी खातात या माहितीपासून सुरू केले तर ऐकणाऱ्यांना पुढचे सोपे जाईल.